छायाचित्र: निकिता, धायरी

हडपसर, पुणे
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय निकिता,

सप्रेम जय भीम.

मी इकडे ठणठणीत आहे. गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही, त्यामुळे एकदा वर गेले की मी वरच बसते. विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे. यंदा वाचायला बहुतेक मीच असते, कारण बाकी सगळ्यांचे चष्मे नेमके घरी राहतात. तू आणि चकली मजेत असाल. असाल काय, आहातच. केस कापलेस ते तुला शोभतात.

आता हिला हे कसं कळलं, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगते. पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे, मध्येच पत्र ठेवून देऊ नकोस.

तू आणि आनंद वेगळे झालात त्याला दीड वर्ष होत आलं. तुझं सामान निघालं तेव्हा टेम्पोवाल्याला धायरीचा पत्ता मीच समजावून सांगितला होता, म्हणून तो मला पाठ आहे. चकलीची टोपली तू मांडीवर घेतली होतीस आणि ती आतून म्याव म्याव ओरडत होती. टेम्पो गेल्यावर आनंद म्हणाला, "आई, आता तिला सारखे फोन करू नकोस. बरं दिसत नाही. तिला मोकळं होऊ दे." मला पटलं. मी तुझा नंबर फोनमधून काढून टाकला. तोंडपाठ आहे तो भाग वेगळा. पुढे आनंदही नोकरीसाठी बंगळुरूला गेला. घरात मी, टीव्ही, आणि खिडकीतली चकलीची रिकामी जागा.

मी दिलेला शब्द पाळला, एकदाही फोन केला नाही. फक्त फेसबुकवरच्या त्या 'मनीमाऊ कट्ट्या'त शिरले. आठवतं का, तू इथे असताना त्या ॲडमिन माधवरावांच्या सूचना मला वाचून दाखवायचीस? 'दुसऱ्याच्या मांजराचा फोटो उचलणाऱ्याने त्याची शीही उचलावी. आदेशावरून.' माणूस कसबा पेठेतला हे वेगळं सांगावं लागत नाही. आपण दोघी हसून हसून बेजार व्हायचो.

त्या ग्रुपमध्ये आत घेण्याआधी विचारतात, मांजराचं नाव काय आणि तुमचं त्याच्याशी नातं काय. नाव मी चकली लिहिलं. नात्यापाशी बोट अडलं. तू आता माझी कोण, हेच मला नीट सांगता येत नव्हतं, तर तुझ्या मांजराची मी कोण लागणार? शेवटी 'आजी' असं लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी मला आत घेतलं. कुणी पुरावा मागितला नाही. मी असते तर मागितला असता.

तुला माहीत आहे मी आयुष्य कुठे काढलं. बसच्या पासाच्या खिडकीवर. पासावर फोटो डकवला की शिक्का मारायचा तो अर्धा फोटोवर आणि अर्धा कार्डावर, म्हणजे एकाचा फोटो काढून दुसऱ्याचा लावता येत नाही. कुणी दुसऱ्याच्या पासावर प्रवास करताना सापडला की मी त्याला असं काही बोलायचे की तो चालत घरी जायचा. आणि त्याच बाईने काय केलं, ते ऐक.

जुलैमध्ये तू चकलीचा तो फोटो टाकलास. गॅलरीत ऊन आलंय, पाय पोटाखाली घेतलेत, डोळे अर्धे मिटलेत, आणि चेहऱ्यावर अशी शांती की आमच्या विहारात तासभर बसून कुणाला येत नाही. मला राहवलं नाही. मी तो फोटो उचलला, वर 'नमो बुद्धाय, सुप्रभात' लिहिलं, खाली 'मन शांत असू द्या' लिहिलं, फुलं टाकली आणि विहाराच्या महिला ग्रुपवर पाठवून दिला. सगळ्यांना इतका आवडला की विचारू नकोस. मी कुणाला म्हटलं नाही की ही आमची चकली. म्हणावंसं फार वाटलं.

महिला ग्रुपवरून तो पुरुषांच्या ग्रुपवर गेला. तिथून आपले बापूराव, विहाराचे सेक्रेटरी, यांच्या हाती लागला. त्यांनी प्रवचनमालेच्या फ्लेक्ससाठी तोच निवडला, माझ्या अक्षरांसकट आणि फुलांसकट. मी भाजीला निघाले तर चौकात चकली. दाराएवढी. खाली कमिटीचे चेहरे एकेक बटाट्याएवढे, आणि शेजारी 'सर्वांनी शुभ्र वस्त्रात उपस्थित राहावे'. चकलीचं पोट तेवढं शुभ्र आहे. मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

पुढचं तुला ठाऊक आहे. कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढून कट्ट्यावर टाकला, सगळे हसले, आणि खाली तू लिहिलंस, 'ही चकली आहे. फोटो मी काढलेला आहे. वापरायला माझी हरकत नव्हती. कुणीतरी विचारायला हवं होतं.'

निकिता, ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तशीच बापूरावांकडे गेले आणि फ्लेक्स उतरवा म्हटलं. ते म्हणाले, ताई, मांजर काय कुणाचंही असतं, आणि लोक तर फ्लेक्स बघायला थांबतायत, प्रवचनाला गर्दी वाढली आहे. मी म्हटलं, मग निदान फोटो कुणाचा ते लिहा. तेवढं त्यांनी मान्य केलं. फ्लेक्सच्या दुकानात मी स्वतः गेले. दुकानदाराने विचारलं, आडनाव काय टाकू? आमचं टाकू की तुझं माहेरचं, हे मला माहीत नव्हतं, आणि न विचारता कुणाला आडनाव लावू नये एवढं आता मी शिकले आहे. म्हणून पट्टी चिकटवली ती अशी: 'छायाचित्र: निकिता, धायरी'. उशिरा झालं, पण झालं. फोटो न विचारता घेतला, चुकले. माफ कर.

पत्र इथे संपवलं असतं तरी चाललं असतं. पण मग मी फोन न करता एवढं मोठं पत्र का लिहिते आहे, हे तुला कळणार नाही.

खरं सांगू? ते फोटो मी चकलीसाठी बघत नव्हते. चकली गोड आहे, पण मांजर ते मांजर. मी चकलीच्या मागे काय आहे ते बघायचे. कान तुटलेला कप तू अजून वापरतेस. पडदे बदललेस. कुंडीत ओवा लावलास, तो चांगला धरला आहे. मार्चमध्ये एका फोटोत कडेला तुझा हात होता आणि त्याला पट्टी होती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. खाली लोक चकलीच्या मिशांचं कौतुक करत होते आणि मी एकटी विचारत होते की या पोरीच्या हाताला काय झालं. ते विचारायची मला सोय नव्हती. मग पुढच्या आठवड्यात त्याच हाताने तू तिला खाऊ घालत होतीस, पट्टी नव्हती, आणि मी घरात शिरा केला. एकटीसाठी.

तुझी मला फार आठवण येते. सुनेची नाही. सून म्हणून तू फार काही थोर नव्हतीस, पोळ्या तुला अजून जमत नसतील. मला तुझीच आठवण येते.

आता जे सांगायचं टाळत होते ते. आनंदचं लग्न ठरलं आहे. डिसेंबरात, इथेच आपल्या विहारात. मुलीचं नाव सृष्टी, त्याच्याच ऑफिसात आहे, हसरी आहे. उद्या कुणीतरी फोटो टाकेल, कुणीतरी पुढे पाठवेल, आणि फिरत फिरत तो तुझ्यासमोर येईल, जशी चकली चौकातून फिरून तुझ्यासमोर आली. एकदा तसं झालं तेवढं पुरे. ही बातमी तुला माझ्याकडून, माझ्या नावाने कळावी, म्हणून पत्र.

आणि या वेळी मी आधी विचारलं आहे. सृष्टीला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, मी निकिताला पत्र लिहिलं तर तुला चालेल का? नंतर ती येती-जाती झाली तर चालेल का? पोरगीने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, मला ॲलर्जी मांजराची आहे. निकिताची नाही." मला ती तिथे खरी आवडली.

आनंदलाही विचारलं. तो हो म्हणाला, मग म्हणाला, चकलीचा एखादा फोटो असेल तर पाठव. माझ्या फोनमध्ये शेकड्याने आहेत. पण मी म्हटलं, ते माझे नाहीत, विचारून पाठवते.

तर विचारते. एक फोटो आनंदला पाठवू का? आणि मी पुढेही बघत राहू का? नको म्हणालीस तर मी ग्रुप सोडेन, राग धरणार नाही. डिसेंबरनंतर तुला हे सगळं नकोसं होणं मी समजू शकते. उत्तर दोन ओळींचं दिलंस तरी चालेल. बरी राहा. पोळ्या विकत आण, पण जेव.

तुझी
(इथे काय लिहायचं ते तूच ठरव)
जया बनसोडे


धायरी
१९ सप्टेंबर

आई,

'आदरणीय जयाताई' लिहून पाहिलं. चकली उठून निघून गेली. म्हणून आईच.

पत्र वॉचमन शंभूकाकांनी वर आणून दिलं आणि काळजीने विचारलं, कोर्टाचं आहे का? हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही.

आधी हाताचं. कुकरची वाफ लागली होती, बाकी काही नाही. विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं आणि शिऱ्याचे दोन घास मलाही मिळाले असते. पोळ्या जमत नाहीत. भाकरी जमते.

फ्लेक्सचं. फोटो कुणी उचलला ते ओळखायला मला डोकं लावावं लागलं नाही. हडपसर, विहार, आणि 'सुप्रभात'च्या पुढे तीन गुलाब. तीन गुलाब तुम्हीच टाकता. आधी मी पोट धरून हसले. मग राग आला, पण फोटो घेतल्याचा नाही. तुम्ही माझी चकली चौकात लावू शकता आणि मला एक फोन करू शकत नाही, याचा. 'कुणीतरी विचारायला हवं होतं' हे मी कट्ट्यासाठी लिहिलंच नव्हतं. ते तुमच्यासाठी होतं. मलाही फोन करता आला असता, म्हणा. मला वाटलं, तुम्हालाच नको असेल.

आनंदचं तुमच्याकडून कळलं ते बरं झालं. तो परिच्छेद वाचला, चकलीला खायला घातलं, परत वाचला. थोडं दुखलं, खोटं कशाला लिहू. पण थोडंच. संध्याकाळपर्यंत मी ओव्याची भजी तळत होते. सृष्टीला सांगा, तिचं उत्तर मला आवडलं. लग्नाला मी येणार नाही, आणि त्याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आनंदला हवे तेवढे फोटो पाठवा. चकलीचं वजन वाढलंय हेही कळवा, तो मलाच बोलेल.

आता एक गोष्ट मला सांगायची आहे. तुम्ही ग्रुपमध्ये यायला विचारलंत ना, त्याच दिवशी माधवरावांचा मला मेसेज आला होता. त्यांच्या भाषेत, 'आपल्या मांजराची आजी असल्याचा दावा करणाऱ्या एक बाई दाराशी उभ्या आहेत. खऱ्या आहेत काय?'

मी लिहिलं, खऱ्या आहेत. आत घ्या.

त्याआधी मी महिन्यातून एखादा फोटो टाकायचे. तेव्हापासून रोज टाकते. मागे जाऊन बघा. केस कापले तेव्हा आरशासमोर चकलीला धरून काढलेला फोटो काय चकलीसाठी होता?

रविवारी या. स्वारगेटला बस बदला, पुढे मी न्यायला येते. शिरा तुम्ही करा, भाकरी मी करते. येताना एवढं लक्षात ठेवा की आजी असाल तर शीही उचलावी लागेल. आदेशावरून.

खाली चकलीचा फोटो डकवला आहे, कागदावर छापून आणलेला. त्यावर तुमच्या खिडकीच्या नियमाप्रमाणे सही केली आहे, अर्धी फोटोवर आणि अर्धी पत्रावर. आता हे दोन्ही वेगळं करायला गेलात तर फाटेल.

तुमची
निकिता