मुक्या पिच्चरले वन्समोर

ती. कोकिळाताईले,

धाकट्या काजलचा वाकून नमस्कार. जिजाजीचा गुडघा कसा हाये? शेळी व्याली का? आमी इथं जानेफळले सारे खुशाल हावो (खुशाल म्हन्जे जित्ते). फोन काऊन नाई केला म्हनून कावशीन, तं माया मोबाईल दीपकभाऊजीनं नेला, पिच्चर काढाले. घरात त्याचाच कॅमेरा साफ हाये म्हने. म्हनून हे चिठ्ठी तुया हिवऱ्याले येनाऱ्या दूधवाल्याच्या हाती देऊन राह्यली. मायं शिक्षन तुले ठाऊक हाये, सातवीतून उठली ते गोठ्यात गेली. अक्षर समजून घेजो.

माया सासऱ्याले, म्हन्जे मामाजीले, तू लग्नात पाह्यलंच. अक्षता पडाच्या आंधी त्याईनं माईकवर पद धरलं अन् मुहूर्त निंघून गेला, तेच ते गुलाबराव. गावच्या नाटक मंडळीत राजाचं काम त्याईचंच, त्याईच्या बापाचंबी तेच होतं. मंडळीचा कायदा असा, का लोकाईनं ‘वन्समोर’ म्हटलं का पद पह्यल्यापासून म्हनाचं. मंग घरी कोनी तापानं फनफनो का मंडपाले आग लागो.

आता दीपकभाऊजी, माया पोरीच्या, छकुलीच्या बाबाचा चुलतभाऊ, पुन्याहून पिच्चरचं शिकून आला. तिकडं कायची तरी स्पर्धा हाये. जुनं नाटक घ्याचं अन् त्याचा मुका पिच्चर काढाचा. आवाज बंद, बोलाचं असन ते पाटीवर लिहून दाखवाचं. तूच सांग ताई, गान्याच्या नाटकाचा मुका पिच्चर! पुरनपोळीतलं पुरन काढून पाव्हन्याले वाढल्यावानी झालं का नाई? मामाजीनं इचारलं, “मायी पदं कुठी गेली बे?” हा म्हने, “काका, त्याची पाटी येइन. ‘राजा रडतो.’” मामाजीचं टकुरं फिरलं. “मी अर्धा घंटा रडतो अन् तू दोन शब्दात उरकते?” ते जेवलेच नाई. (म्हन्जे घरात. मंडळीच्या खोलीवर भजे गेले होते, म्याच तळले.) मंग त्याईनंच तोड काढली. पिच्चर मुका असो, मी मुका नाई. कॅमेऱ्यापुढं पुरं पद म्हनीन, ऐकू येवो का न येवो.

राणीचं काम छकुलीच्या बाबानं केलं. मंडळीत राणी मानूसच होते म्हने, बाईनं केलं का नाटकाची शोभा जाते. तं हे मायाच लग्नाचा शालू नेसले, मायीच नथ घातली, अन् मिशी कायी काढली नाई, का सोमवारी मेहकरले बँकेत काम हाये म्हने. छकुलीनं बापाले त्या सोंगात पाह्यलं अन् असा हंबरडा फोडला का शेजारची म्हैस दावं तोडून गेली. अन् मी? खरी माय, मले दाईचं काम. दाई पूर्ण नाटकात बोलतच नाई. भाऊजी म्हने, “वहिनी, तुमाले सोपं हाये.” सोपं हाये ना. तीन वर्साची प्रॅक्टिस हाये.

आता मेन गोष्ट. नाटकात ज्योतिषाच्या सांगन्यावरून राजा आपलं लेकरू बांबूच्या डालक्यात घालून नदीत सोडते. रंगमंचावर निळं लुगडं हालवत, लेकरू म्हन्जे गुंडाळलेली उशी. पन पिच्चरात सारं खरं पाह्यजे म्हने. खरं पानी, म्हन्जे आपला बंधारा, अन् खरं लेकरू, म्हन्जे मायी छकुली. ताई, ते अजून धड बसत नाई. मी म्हटलं, उशी चालन. कोनी ऐकलंच नाई, पिच्चर मुका होता ना.

डालक्याले दोर बांधला, दोर राणीच्या हाती. मामाजीनं पद धरलं, डालकं थोडं पान्यात गेलं, वापस ओढलं, मी देवाचं नाव घेतलं. तं काठावरचे रिकामे लोक वरडले, “वन्समोर!” भाऊजी म्हने, काका, सीन झाला. मामाजी म्हने, मंडळीचा कायदा हाये. पोट्टीले पुन्हा पान्यात घातलं. मामाजीचे डोळे मिटलेले, तान चाललेली. अन् त्याच टायमाले राणीचा पदर घसरला. राणीनं पदर सावरला. दोन्ही हातानं!

ताई, दोर सुटला अन् डालकं पुढं निंघालं. मी कमरीइतक्या पान्यात कवा गेली मले ठाऊक नाई. केवढ्यानं वरडली असन! छकुली कोल्ली होती, एक थेंब लागला नाई, हासत होती. काठावरून भाऊजी वरडला, “वहिनी, एक नंबर! काय अ‍ॅक्टिंग!” अन् लोक परत म्हने वन्समोर.

तिसऱ्या बारीले म्या डालक्यात कोहळं ठेवलं, दुपट्यात गुंडाळून, टोपरं घालून. मामाजीनं त्याच्या कपाळाचा मुका घेतला, ढसाढसा रडले. सख्खा आजा, अन् कोहळं वयखू आलं नाई.

बाकी सारं बरं हाये. सोयाबीन साधारन. तुया घरच्याईले नमस्कार, लेकराईले पापा.

तुयी,
काजल

ता.क. कोहळं पकडल्या गेलं. भाऊजीले मोबाईलवर देठ दिसलं. आता रविवारी सकाळी पुन्हा तोच सीन, छकुलीचं तोंड जवळून पाह्यजे म्हने. अन् मागच्या बारीले दोर दिसत होता, म्हनून आता दोर काढनार हायेत. छकुलीच्या बाबाले म्हटलं तं म्हन्ते, बाबाले कोन बोलन? रविवारपावतर पोट्टीले घराबाहेर नेऊ देत नाईत.

ता.क. दुसरं. रविवारी तू ये. पिच्चर पाहाले आली असं सांगजो. तुया आवाज तीन वावरं वलांडून जाते म्हनून मी आजपावतर तुले नावं ठेवली, ते वापस घेते. मामाजीनं पद संपवलं का जोरात म्हनजो, “वन्समोर!” संपलं का पुन्हा म्हनजो. पद चालू असलं का त्याईचे डोळे मिटलेले असतात अन् बाकीचे त्याईच्याच तोंडाकडं पाहातात. बंधाऱ्यावरून सडक जवळच हाये, मेहकरची बस तवाच येते. मी पोट्टीले घेऊन बसमदी बसलेली दिसेपावतर थांबू नको.

ता.क. तिसरं. भिऊ नको. पिच्चर मुका हाये, तुया आवाज त्यात येत नाई.