गाडी कोण चालवत होतं

१४ नोव्हेंबर
काल एक सायकलवाला आमच्या गाडीला धडकला. नाही. गाडी त्याला धडकली. मी धडकवली. निदान इथे तरी खरं लिहू.
एरंडोल रस्ता, दिवेलागणीची वेळ. कापसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला गेले. हे शेजारून "थांब, थांब" म्हणत होते. माझं कच्चं लायसन. ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून या वयात गाडी शिकायचं खूळ. माणसाला मागच्या सीटवर घेतलं. मला परत स्टिअरिंग धरवेना, म्हणून जळगावपर्यंत ह्यांनी गाडी आणली. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात सगळ्यांनी ह्यांनाच स्टिअरिंगवर पाहिलं.
हवालदाराने विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"
हे म्हणाले, "मी."
मी पाण्याची बाटली धरून शेजारी उभी. बोलले नाही. आणि वर्गात पोरांना म्हणते, खरं बोला, मार बसणार नाही.

१५ नोव्हें.
ह्यांचं म्हणणं, "तुझी नोकरी आहे अजून. मास्तरीण सस्पेंड झाली तर केवढ्याला पडेल? मी रिटायर माणूस, माझं काय वाकडं होणार?"
एस.टी.च्या स्टिअरिंगवर जन्म गेला, एक ओरखडा नाही. लोक अजून नाव काढतात. त्या नावाचं काय?
विचारलं नाही. पोळ्या केल्या. मी जेवलेही पोटभर. लाज कशी नाही वाटली, कोण जाणे.

१७ नोव्हें.
जळगाव. चौधरी वकील, ह्यांच्या ओळखीचे. ह्यांनी वकीलपत्रावर सही केली. वकील म्हणाले, "नाना, पोलिसांना काय सांगितलं ते राहू द्या. मला खरं सांगा, म्हणजे मला काही करता येईल."
नानांनी सांगितलं. ट्रॅक्टर, सायकल, ब्रेक दाबला तो क्षण. इतकं हुबेहूब, की मलाच वाटलं हेच चालवत होते. मी खाली बघत राहिले. वकील मला म्हणाले, "ताई, धीर धरा."

२० नोव्हें.
विठ्ठलआप्पा सकाळी गेले. तोच सायकलवाला. दुसऱ्याच्या शेतात पाणी धरायला जायचे.
दुपारी पोलिसांनी ह्यांना बोलावलं, अटक दाखवली. जामीन तिथेच, पोलीस स्टेशनच्या टेबलावर झाला. घरी आल्यावर पहिला प्रश्न, "तू चहा घेतला का?" असा राग आला. ह्यांचा नाही, माझाच.

२३ नोव्हें.
आप्पांच्या दारावर जाऊन आले. कोणी गेलं आणि आपण दारावर गेलो नाही, असं आमच्या घरात कधी झालं नाही. वैर असलं तरी जायचं. वकिलांना विचारलं नाही, ह्यांना सांगितलं नाही.
बायकांत जाऊन बसले. आप्पांची बायको म्हणाली, "कोठली शे माय तू?"
"धरणगावची."
"डायवर म्हतारा शे म्हनतस. त्याना डोयाले दिसत नही."
शेजारणीने आणलेला चहा तिने माझ्यापुढे सरकवला. सांगायलाच गेले होते. चहा पिऊन आले.

२५ नोव्हें.
तिथे कोणीतरी मला ओळखलं. आप्पांच्या भावाने पोलिसांत अर्ज दिला, आरोपीची बायको दबाव टाकायला आली होती म्हणून.
चौधरी वकील फोनवर तापले. "बाई, शिकलेल्या ना तुम्ही? आरोपीच्या घरचं कोणी दारावर जातं का? तुमची रीत कोर्टाला काय माहीत?"
त्याहून वाईट पुढे. डोळ्याच्या डॉक्टरचे कागद पोलिसांना मिळालेत. दिसत नसताना गाडी चालवली, असं होणार. "नानांना जड जाईल हे," वकील म्हणाले.
किराणा दुकानात ऐकलं, "एवढा जुना डायवर, आंधळा होऊन गाडी हाकतो." मीठ न घेताच परत आले.

२८ नोव्हें.
धुळे. भावाकडे जाते सांगून निघाले आणि कोर्टात गेले, मोफत वकील मिळतो त्या ऑफिसात. जळगावला कोणी पाहील ना! वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्यांदा तोंडाने सांगितलं सगळं. रडू नाही आलं, उचकी लागली. तिने पाणी दिलं.
ती म्हणाली, केस जळगावची, तर अर्जही जळगावलाच करायचा. बाईमाणसाला वकील देताना उत्पन्न बघत नाहीत. चौधरी वकिलांकडे जाऊ नका. "ते तुमच्या मिस्टरांचे वकील. तुमचं खरं निघालं की मिस्टर खोटे पडतात. एकच वकील दोघांचं कसं लढणार? आणि आधी वकील घ्या, मगच पोलिसांकडे जा. एकट्या जाऊ नका."
म्हणजे लाजेपायी धुळ्याचा हेलपाटा फुकट. भावाच्या घरी गेलेच नाही.

३० नोव्हें.
ह्यांना सांगितलं. शेंगा फोडत बसले होते.
"जा, सांग. मी म्हणेन, नवऱ्याला वाचवायला खोटं बोलतेय. सिव्हिलच्या कॅमेऱ्यात कोण आहे गाडीवर?"
मी टरफलं गोळा करू लागले.
मग हळू आवाजात म्हणाले, "मला आंधळा म्हणू दे, शैला. माणूस मारला म्हणून तुझ्याकडे बोट दाखवलेलं मला नाही बघवणार."
माझं कोणी खरं मानणार नाही, हे ऐकून क्षणभर बरं वाटलं. सुटले असं वाटलं. ह्या सगळ्यात या गोष्टीची लाज सर्वात जास्त.

२ डिसें.
जळगाव, ते ऑफिस. क्लार्कने विचारलं, "मिस्टरांसाठी वकील पाहिजे का?"
"माझ्यासाठी," म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं.
दिलेल्या वकीलबाई वयाने मोठ्या, कडक. सगळं ऐकून घेतलं. "तुम्हीच चालवत होतात, याला पुरावा काय?"
लोक सुटायला वकील करतात. मी अडकायला.
म्हणाल्या, ट्रॅक्टरवाल्याने पाहिलं असेल तर बघू, पण शोधायला तुम्ही जायचं नाही, परत दारावरसारखं कराल. वकीलपत्रावर सही केली. शुक्रवारी त्यांच्याबरोबर पोलीस स्टेशन. तोवर मन बदललं तर फोन करा, म्हणाल्या. नंबर मोबाइलमध्ये घातला.
घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कुठे गेली होतीस?"
म्हटलं, "बँकेत."