सात नद्या आणि माझ्या वहाणा

६ जाने., धर्मापुरी
गावची गोव्याची सहल ठरली. गाइड मी! उभी हयात चौथीला गोवा शिकवला, पाहिला कधीच नाही. समुद्रही नाही. आमचं मोठं पाणी म्हणजे धरणाचं.
बस माधवरावांची. ते दोनदा जाऊन आलेत. चारचौघांत म्हणाले, "गुरुजी, एक चूक निघाली की माईक माझ्याकडं." कबूल केलं.

९ जाने., बसमध्ये
आंबोली घाट. धुकं. माईक हातात.
गोव्याच्या उत्तरेला आपलं राज्य, पूर्वेला नि दक्षिणेला कर्नाटक, पश्चिमेला समुद्र. कदंब, आदिलशाह, मग साडेचारशे वर्षं पोर्तुगीज. आपला भाग निजामाच्या राज्यातून अठ्ठेचाळीसला सुटला, गोवा एकसष्टला. तेव्हा मी शाळेत. मास्तरांनी पेढा दिलेला, त्याची चव अजून...
माधवराव कान टवकारून. चूक नाही.

त्याच दिवशी, दुपार
बांद्याला तेरेखोल. कोलवाळच्या पुलावर शापोरा. मुलांसाठी रचलेली माझी कविता पुलापुलाला जुळत चाललेली:
तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी।
साळ, तळपण, गालजीबाग, सात जणी सागरा-दारी॥
मग मांडवी. फळ्यावर निळ्या खडूची बोटभर रेघ काढायचो मी. ही एवढी रुंद, उन्हात चकाकणारी! बघतच राहिलो. पुढचा शब्दच आठवेना. माधवरावांनी माईकसाठी हात पुढं केला.
मागच्या सीटवरून आवाज आला, "जुवारी."
कौसा. चौथी अर्धी टाकून आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली माझी विद्यार्थिनी. आता आजी झालीय. तिनं थेट सागरा-दारीपर्यंत म्हटलं, एका सुरात. म्हणाली, "फडात कोयता चालवताना हेच म्हनायची मी, गुर्जी."
बसभर टाळ्या. माधवरावांचा हात मागं गेला. आयुष्याचं सोनं की काय म्हणतात ते हेच असावं.

सांज, कोळवा
समुद्र. काय लिहू. सगळं पाणी एकदम माझ्याकडं बघतंय असं वाटलं.
मंडळी तळ्याकाठी ठेवावं तसं पाण्यालगतच सामान ठेवायला लागली. भरती समजावली, सगळ्यांच्या चपला वर नेऊन ठेवायला लावल्या. कौसानं बोट बुडवून चाखलं. "लई खारट हाय. तुमी सांगितलंतं तसंच."
मी कविता म्हणत उभा. पाणी घोट्यापर्यंत आलं, तेव्हा वळून पाहिलं. सगळ्यांच्या चपला वर, कोरड्या. माझ्या वहाणा नाहीत. काठावर सोडलेल्या, विसरलेल्या.
माधवराव पोट धरून हसले. "ही चूक धरायची का न्हाई?"
कौसा म्हणाली, "धडा बरुबर व्हता. गुर्जी चुकले."
यावर जेवणापर्यंत दोन तट. मी मात्र अनवाणीच खुशीत. जन्मात समुद्राएवढं मोठं गिऱ्हाईक माझ्या वहाणांना मिळालं नसतं.

१० जाने., सकाळ
दाराशी रबरी चपला. माधवरावांच्या. एक नंबर मोठ्या. घातल्या.
आज जुनं गोवं, तिथली चर्चं, मग मंगेशी. बस सुरू झालीय. माईक ड्रायव्हरजवळ ठेवलाय, शेजारी माधवराव. कौसा मागून सगळ्यांना गप्प बसवतेय. फटक फटक चालत निघालोय पुढं.