नानांची बाटली आणि माझी जीभ

प्रिय बापू,

तुझी प्रकृती, नोकरी आणि तुझ्या प्रयोगशाळेतली यंत्रे ठीक असावीत (यंत्रांची चौकशी का, ते शेवटी कळेल). इकडे सगळे ठीक आहे, असे मी तीन दिवस सगळ्यांना सांगतो आहे.

गच्चीवरचे माझे यंत्र तुला आठवत असेल. तू ज्याला काचेची खाट म्हणाला होतास तेच. काळ्या रंगाच्या तबकात दोन बोटे समुद्राचे पाणी, वर उतरती काच. उन्हाने वाफ होते, काचेवर थेंब धरतात, ओघळून पन्हळीत येतात आणि तिथून बाटलीत. मीठ खाली राहते. वीज नाही, पंप नाही, पदवी नाही. दिवसाला पावणेपाच लिटर (लोक पाच सांगतात, मी पावणेपाचच सांगतो). तुझे वडील आमच्याकडे राहायला आले, डॉक्टरांनी त्यांचे मीठ तोडले, आणि आमच्या नळाचे पाणी तर मचूळ. तेव्हा मी जाहीर केले की नाना यापुढे माझेच पाणी पितील, आणि त्यांना भरवसा वाटावा म्हणून मीही तेच पिईन.

तपासणी मी जिभेने करतो. रोज संध्याकाळी एक चमचा पाणी तोंडात धरायचे, वीस आकडे मोजायचे आणि वहीत 'गोडे' लिहून सही करायची. तू पाण्यातले क्षार मोजायचा मीटर देऊ केलास तेव्हा मी म्हणालो होतो, ज्याला जीभ नाही त्याने मीटर घ्यावा. ते वाक्य तू विसरला असशील तर फार बरे होईल.

मंगळवारी तुझ्या ताईने घाईत भाजीत दोनदा मीठ घातले (नानांची वेगळी होती). तिने एका घासात ताट सरकवले. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि वर चिमूटभर मीठ मागितले. "अहो, जीभ गहाण टाकलीत की काय?" ती म्हणाली. नाना ठसका लागेपर्यंत हसले. मला मात्र तेव्हा उमगले. मागे मला जबर सर्दी झाली होती. ती जाताना चव बरोबर घेऊन गेली आणि मी उगाच भाजीवाल्याला नावे ठेवत बसलो. त्यातच त्या मंगळवारच्या बारा दिवस आधी तबकाच्या सांध्यातली लांबी (काच बसवायची पुट्टी) निखळली होती, ती मी स्वतः भरली. नीट बसली नसेल तर खारे पाणी थेट पन्हळीत झिरपणार. त्यानंतर वहीत ओळीने बारा वेळा 'गोडे' आहे, माझ्याच अक्षरात.

ताईला चाखायला सांगता आले असते. पण का, हे तिने विचारले असते, आणि पंचवीस वर्षांत तिने एकही प्रश्न अर्ध्यावर सोडलेला नाही. म्हणून काच धुवायला काढली असे सांगून यंत्र बंद ठेवले आहे आणि नानांच्या बाटलीत गुपचूप विकतचे पाणी भरतो. मिठाने सूज आली की काय म्हणून दिवसभर त्यांचे घोटे पाहत असतो. ते सुजलेत की मुळातच तसे आहेत, ठरत नाही. सासऱ्याचे घोटे जावयाने आधी कधी निरखलेले नसतात. नाना जिन्यात जरा थांबले तरी मी खुर्ची घेऊन धावतो.

तुझा,
भावजी

ता. क. तो मीटर पाठव. पाकिटावर 'पुस्तके' लिही.

ता. क. २. पत्र चिकटवण्याआधीच नानांना बाल्कनीत बाटली लिंबाच्या कुंडीत ओतताना पकडले. "जावईबापू, रागावू नका," ते म्हणाले, "आल्यापासून लिंबालाच पाजतोय. म्हटलं, ते तगलं तर मी पिईन." नाना आणि तुझी ताई पहिल्या दिवसापासून खालच्या शिंप्याकडच्या विकतच्या जारचे पाणी पितात. माझा जीव भांड्यात पडला. मग लिंबाकडे पाहिले. आठवडाभरात पानांच्या कडा करपल्या आहेत.

ता. क. ३. म्हणजे बारा दिवस ते पाणी घरात मी एकटाच पीत होतो. सकाळी बूट घट्ट झाले तेव्हा मी चांभाराला दोष दिला होता. मीटर टपालाने नको. तू स्वतःच घेऊन ये, आणि येताना डॉक्टरांना विचारून ये.