हाताखालचा माणूस

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सात टाके घातले. पहिल्यांदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत मी. मॅडम शेजारी उभ्या होत्या, पण हात माझाच. ऊसतोडीवरचा माणूस, कोयता पोटरीला लागलेला. तो शांत, घाम मला. गहिनीमामा ट्रे धरून उभे. शेवटचा टाका झाल्यावर वाकून बघितलं आणि म्हणाले, "गोधडी शिवली बे सिदू. पण उसवणार न्हाई."

कौतुक होतं का टोमणा, रूमवर येईपर्यंत तेच डोक्यात.

जाताना त्या माणसानं विचारलं, तुमी डॉक्टर का कंपाउंडर? मी म्हटलं, मधला. तो म्हणाला, "मधलं असतंय व्हय काई?" फिजिशियन असिस्टंट म्हटलं असतं तर अजून पाच मिनिटं गेली असती. पेशंटला विचारायचं, तपासायचं, कागदावर लिहायचं, कागद तेजश्री मॅडमपुढं ठेवायचा. गोळी त्या लिहिणार. हे शिकायला तीन वर्षं संभाजीनगर, आणि चौथं इंटर्नशिपचं वर्ष इथं चौसाळ्यात. गहिनीमामा सातवी शिकले. तीस वर्षं इथंच कंपाउंडर — मॅडमच्या सासऱ्यांपासून. त्यांना कुणी विचारत नाही तुमी कोण म्हणून.

५ फेब्रुवारी

आबांचा फोन आला. मेंढरं गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, पोचली. आई बरी आहे. एक मेंढी वाटेत व्याली.

"शिक्षण सपलं का?"

मार्चमधे.

"मग डॉक्टर व्हशील?"

म्हटलं, न्हाई आबा. डॉक्टरचा साहाय्यक.

"म्हंजी हाताखालचा." मागं मेंढरं ओरडत होती. मग रेंज गेली.

हाताखालचा. चूक काय त्यात. पण चार वर्षं एका कामाला धरून राहिलो, हे त्यांना कोण सांगणार? आयटीआय सात महिने. परळीला जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायचं काम, दोन महिने. मग ट्रकवर क्लीनर — ते आवडलं होतं. रायपूरला एका धाब्यावर पिंजऱ्यात साळुंकी होती, ती गिऱ्हाइकाला मागून बिल मागायची. मालकाच्या आवाजात. लोक खिशात हात घालायचे आणि मग मागं बघायचे. तिच्यापायी आमचा ट्रक दोन तास उशिरा निघाला, ड्रायव्हरनं मला शिव्या दिल्या.

काय लिहीत होतो? आबा. असो.

११ फेब्रुवारी

आज केसरबाईंची केस. लिहून ठेवतो, कारण असलं कॉलेजात नव्हतं.

वय साठच्या पुढं, तक्रार गुडघे. मी सगळं विचारलं — कधीपासून, कुठल्या बाजूला, सूज आहे का, रात्री दुखतं का. छातीत दुखतं का हेही विचारलं. न्हाई म्हणाल्या. दम लागतो का? न्हाई. सगळ्याला न्हाई. कागद स्वच्छ भरला. मॅडमकडं नेणार तेवढ्यात मामा मधे पडले. सहज बोलल्यासारखं — "केसरबाई, रानात दिसंना झालात?"

"रानात सून जाती आता."

"आन् पाणी?"

"पाणी बी तीच आणती. मला इहिरीचा चढ होईना. चार पावलं गेलं की बसावं लागतंय."

"बसल्यावर?"

"बसल्यावर काई न्हाई. हितं भरून आल्यागत होतंय, मग जातंय." आणि हात छातीवर.

मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ईसीजीची तारच हातात दिली. मॅडमनी पट्टी बघितली आणि लगेच बीडला पाठवायची गाडी बोलावली.

नंतर चहा पिताना म्हणाले, "दुखतंय का, आसं इचारू नको. हिकडं कुणाला दुखत नस्तंय. कोणतं काम बंद केलं, ते इचार."

चार वर्षांच्या वह्यांत हे एक वाक्य नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. शर्ट घ्यायला बीडला गेलो आणि स्टँडवर कड्याची एसटी लागलेली दिसली. बसलो. का, ते माहीत नाही. खिडकीची जागा होती.

कड्याला साखर कारखान्याच्या मळीचा वास. उसाच्या गाड्यांची रांग बघत एका टपरीवर तासभर बसलो. एका बैलाच्या शिंगाला आरसा बांधलेला, तो मान हलवला की माझ्या तोंडावर ऊन मारायचा. शर्ट राहिला.

परत येताना हिशेब केला, दिवसभरात किती बोललो. "कडा एक." "चहा." "मागं सरका." संपलं.

१७ फेब्रुवारी

मामा म्हणाले, "काल कुठं गेलतास?" कड्याला. "कोण हाय तिथं?" कुणी नाही. "मग कावून गेलतास?" मी हसलो. ते हसले नाहीत. दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं सरकवला.

२ मार्च

बॅचच्या ग्रुपवर आज सगळे एकाच विषयावर. आता पुढं काय? आम्ही एकोणीस जण सुरू केलं होतं. सात मधेच गेले. दोघं मेडिकलच्या काउंटरवर. एकजण विमा विकतो, मलाच दोनदा फोन आला. सरकारी जाहिरातीत आमच्या पदाचं नाव मी तरी अजून पाहिलं नाही. जिल्ह्यात फिरून विचारलं तर डॉक्टर म्हणतात, नर्स आहे, कंपाउंडर आहे, तू नेमका कोण?

आमच्या पुढच्या बॅचची योगिता हैदराबादला. हृदयाच्या मोठ्या हॉस्पिटलात. बायपासच्या वेळी पायातली नस ती काढते, सर्जन वर छाती उघडत असतो. तिनं फोटो टाकला — हिरवे कपडे, नुसते डोळे दिसतात. डोळ्यांवरून कळत होतं की झोप झालेली नाही, पण खुश आहे. तिनं मला वेगळा मेसेज केला: इथं जागा निघतायत, येतोस का?

उत्तर दिलं नाही. पवनचक्क्या बघत बसलो. चौसाळ्याच्या माळावर एक बंदच असते. बाकी सगळ्या फिरतात.

८ मार्च

केसरबाई परत आल्या. बीडला ॲंजिओप्लास्टी झाली. मॅडमसाठी नाही, मामांसाठी कैऱ्या घेऊन आल्या. मामांनी त्यातल्या दोन मला दिल्या आणि बाईंना सांगितलं, "कागद यानंच लिवलाय."

खोटं. मी गुडघे लिहिले होते.

१९ मार्च

ऐकायला नको ते ऐकलं.

मी ड्रेसिंगच्या खोलीत, पडद्याआड. मॅडम आणि मामा बाहेर.

मॅडम — "मामा, आता कागद लागतो. उद्या कुणी तपासणीला आलं तर तुमचं काय दाखवू मी? सिदूकडे पदवी आहे."

मामा — "मग त्यालाच बसवा की."

एवढंच. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी बाहेर आलो तेव्हा मामा सिरिंजा मोजत होते आणि माझ्याकडं पाठ होती.

मग त्यालाच बसवा की. कसं म्हणाले ते? रागानं? तसं वाटलं नाही. पण मामा रागावले तरी आवाज चढत नाहीच.

२० मार्च

मॅडमनी केबिनमधे बोलावलं. म्हणाल्या, "चेन्नईला मी तुमच्यासारख्यांबरोबर काम केलंय. मला माहितीय तुमचा उपयोग काय. इथं राहा. पगार बऱ्यापैकी देईन, वरची खोली देईन. हाताखाली एक मुलगी ठेवू, ती ट्रे वगैरे बघेल. महिनाअखेर सांगा."

जिल्ह्यात कुणी मला पहिल्यांदा राहा म्हणालं. आनंद व्हायला पाहिजे. झालाही — केबिनच्या दारापर्यंत. दाराबाहेर मामा एका म्हाताऱ्याचं बीपी घेत होते.

मी राहिलो तर ते कुठं जाणार? साठ उलटलेत. तीस वर्षं हेच केलं. बायको गेली, मुलगी लातूरकडं दिली. त्यांना या खुर्चीशिवाय काय आहे?

मॅडमना विचारायला पाहिजे होतं, मामांचं काय म्हणून. महिनाअखेर सांगतो म्हटलं आणि बाहेर आलो.

२२ मार्च

मामा आज म्हणाले, "बस हितं." स्वतःची खुर्ची पुढं केली. "आजपासून पेशंट आधी तुज्याकडं. मी उभा ऱ्हातो."

म्हटलं, नको मामा, तुम्ही बसा.

"बस म्हणलं ना बे. खुर्ची चावती का?"

दिवसभर त्या खुर्चीत बसलो. रेक्झिन मधे फाटलेलं आणि बरोबर त्यांच्या बसण्याचा खड्डा पडलेला. एकेचाळीस पेशंट. एकदाही ते मधे पडले नाहीत. चुकलो तेव्हासुद्धा नाही. खिडकीपाशी उभे राहून हायवेकडं बघत होते.

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

२३ मार्च

उद्या त्यांना सरळ विचारतो. मामा, तुमच्या मनात काय आहे?

२४ मार्च

विचारणार होतो. साप चावलेला माणूस आला. साप पण आणला होता, बरणीत. धामण निघाली. बरणी बघायला निम्मं चौसाळा दवाखान्यात. त्या गर्दीत राहिलं.

२५ मार्च

राहिलं.

२७ मार्च

योगितेचा फोन. "शेवटची जागा आहे. व्हिडिओवर मुलाखत घेतील. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी म्हण."

दुपारी मुलाखत दिली, मेडिकलच्या मागच्या गोडाऊनमधे, सलाईनच्या खोक्यांवर बसून. समोरच्या साहेबांनी विचारलं, एका जागी टिकाल ना? मी म्हटलं, हो सर.

संध्याकाळी मेल आला. घेतलं.

२८ मार्च

ठरवलं. माणसाच्या पोटावर पाय देऊन बसायचं नाही. मी गेलो तर मॅडम मामांना ठेवतील. कागदाचं काहीतरी बघतील.

खरं लिहू? हैदराबाद म्हटल्यावर पाय आपोआप हलायला लागले होते. पण ते कारण नाही. कारण मामा.

३० मार्च, पाडवा

मामा गावी गेलेत, गुढीसाठी. सकाळी मॅडमना सांगितलं. घरची अडचण आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, "मेंढरांची?" मी मान हलवली. त्यांनी खण उघडला. मग इंटर्नशिपचा दाखला सही करून दिला. "मामांना भेटून जा. उद्या येतील ते."

हो म्हटलं.

दुपारची गाडी धरली. मांजरसुंब्याच्या घाटात एक ट्रक पलटलेला, रस्ताभर टरबुजं. गाडीतले लोक उतरून खात होते. मीही खाल्लं. गोड होतं.

१४ एप्रिल, हैदराबाद

अकरा मजले. मी सहाव्यावर. मला इथं ब्रदर म्हणतात. सकाळी राऊंडच्या आधी बावीस पेशंटचे कागद तयार ठेवायचे. सर्जन चांगला आहे, पण त्याला माझं नाव माहीत नाही. पगार चांगला. आबांना कळवलं. म्हणाले, "लांब गेलास." मग म्हणाले, "जेवण?" म्हटलं, भात.

योगिता सातव्या मजल्यावर. तिची ड्यूटी संपते तेव्हा माझी सुरू. लिफ्टमधे दोनदा भेटली. दोन्ही वेळा ती भिंतीला टेकून झोपलेली.

इथली हिंदी आपल्याकडच्या उर्दूसारखीच, त्यामुळं बोलणं अडत नाही. बोलायला कुणी थांबत नाही एवढंच.

२३ एप्रिल

आज मामांसारखं विचारून बघितलं. रिक्षावाला पेशंट, मान हलवून सगळ्याला नाही म्हणत होता. म्हटलं, कौनसा काम छोड दिए आप? तो घाबरला. "काम नै छोडा साब, छुट्टी डाला मैं." बायको म्हणाली, काम गेलं म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? दोघांची समजूत काढण्यात दहा मिनिटं गेली. राऊंडला उशीर. सर्जन म्हणाला, "ब्रदर, फॉर्ममधे जे आहे तेच विचारा."

फॉर्ममधे चौतीस प्रश्न आहेत.

२९ एप्रिल

आज पायातली नस बघितली पहिल्यांदा. काढताना. पांढरट, ओल्या सुतळीसारखी. मी नुसता पाय धरून होतो. सिस्टरनं विचारलं, पहिल्यांदा? हो म्हटलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. फोन काढला, नावं खालीवर केली. मामांच्या नावावर जरा थांबलो. न सांगता आलोय. काय बोलणार?

ठेवून दिला.

६ मे, मंगळवार

मामांचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात होतो.

"वळखलं का साहेब?"

म्हटलं, मामा! कसं चाललंय दवाखान्यात? बसता ना खुर्चीवर?

"बसावंच लागतंय. दुसरं हाय कोण? दोन वरसं झाली, मॅडमला म्हणतोय मला सोडा, लेकीकडं ऱ्हायला जायचंय, नातू हाय. त्या म्हणायच्या, माणूस घावला की सोडते. तू घावलास. मीच म्हणलं, याला बसवा, हात चांगला हाय पोराचा. खुर्चीवर बसवलं तुला. मला वाटलं मॅडमनी सांगितलं आसंल सगळं." खोकले. "लेकीनं खोली सारवून ठिवलती. आता पुन्यांदा माणूस बघायचा." त्यांच्या मागं हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. "कावून गेलास बे? मला इचारायचं तरी."

मी म्हटलं, मामा, पेशंट आलाय, ठेवतो.

जिन्यात कुणीच नव्हतं.