बिस्किटांसारखी गाईडं

३ जून, संध्याकाळ
भाची तिच्या इंग्रजी क्लासची वही घेऊन आली. (माझ्या क्लासला का येत नाही, हे मी मोठ्या मनाने विचारत नाही.) वहीत लिहिलेलं: चर्न आउट, म्हणजे दर्जाची फिकीर न करता ढिगाने माल काढणे. उदाहरण: 'अ बॅड टीचर चर्न्स आउट गाईड्स लाइक बिस्किट्स.'
गाईडं काढणारा शिक्षक या गल्लीत एकच. मी! आणि क्लासवाली कोण? माझीच जुनी विद्यार्थिनी. हिला एबीसीडी मी शिकवली. सोडणार नाही.

४ जून
ठरलं. फ्रेजल व्हर्ब्जचं नवं गाईड. प्रत्येक उदाहरणात तीच, नाव न घेता. रोज एकच वाक्य, पण असं घासूनपुसून की वाचताच तिचं तोंड उतरावं. आजचं: 'द अनग्रेटफुल गर्ल शोज ऑफ.' दुपारभर बसलो होतो. झकास.
बिस्किटांची उपमा मात्र बरी आहे. कुठून ढापली कोण जाणे.

९ जून
राग थंड होण्याआधी पुस्तक यायला हवं. आज जेवणाआधी पन्नास वाक्यं. बायको म्हणाली, अहो, यालाच चर्न आउट म्हणतात ना? तिला समजावलं, ते सुमार लोकांबद्दल वापरतात. माझ्या बाबतीत त्याला झपाटा म्हणतात.

१४ जून
अनग्रेटफुल गर्ल आतापर्यंत उद्धट, आळशी, चोर झाली, एकदा घरातून पळालीसुद्धा. पुढे काही सुचेना. उरलेल्या पानांसाठी माझी जुनी गाईडं उचलून छापखान्यात दिली, यातलंच घाला म्हणालो. स्वतःचंच लिहिलेलं, परत काय वाचायचं?

२३ जून
छापून आलं. पहिली प्रत तिलाच. वर 'सप्रेम भेट'. आता रड म्हणावं.

२५ जून
ती आली. रडली नाही. हातात माझं सगळ्यात पहिलं गाईड, पुठ्ठा चिकटपट्टीने सांधलेला. म्हणाली, सर, बिस्किटांचं वाक्य नव्या पुस्तकातही ठेवलंत, बरं केलंत. मुलं खूप हसतात. मी अजून या गाईडातूनच शिकवते.
म्हणजे वाक्य माझंच. आमच्या शाळेतल्या एका गाईडवाल्याची जिरवायला लिहिलेलं. मी म्हणालो, आठवतंय तर!
मग तिने विचारलं, नव्या पुस्तकातली ती मुलगी कोण, सर? काल्पनिक, मी म्हणालो. तिने हातातलं गाईड टेबलावर ठेवलं. येते म्हणाली.
जुनं गाईड टेबलावरच राहिलं. विसरली असेल. उद्या येईल न्यायला.

३० जून
आली नाही. भाचीची वही मागून घेतली. क्लासला नवीन पुस्तक लागलंय, दुसऱ्याच कुणाचं तरी. चर्न आउटचं उदाहरणही बदललं: 'द फॅक्टरी चर्न्स आउट चेअर्स.'
अगदीच मिळमिळीत वाक्य. पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मी कुठेच नाही.