कानाने वाचलेली पानं

१४ जून, शनिवार

डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. पप्पांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग आहे. कडेकडेने दिसत राहील, रस्ता दिसेल, जिना उतरता येईल. अक्षर मात्र नाही. चष्म्याचा नंबर वाढवून काही होईल का, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा डॉक्टर नुसतेच हसले.

परळहून घोडपदेवला येताना बसमध्ये पप्पा एकच वाक्य बोलले. "आषाढ पौर्णिमा कधी आहे?"

वर्षावास त्या दिवशी सुरू होतो. मग तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. माझ्या जन्माच्या आधीपासून पप्पाच वाचतात. छापखान्यात प्रुफं तपासायचे, पण चाळीत त्यांना मास्तर म्हणतात ते या वाचनामुळे.

घरी आल्यावर म्हणाले, "चाळीत कोणाला सांगायचं नाही." आईने मान हलवली. मीही. हलवायला नको होती का, कळत नाही.

१५ जून, रविवार

सकाळपासून फोन घेऊन बसलेय. 'दृष्टिहीनांसाठी वाचन' असं टाइप करताना पहिल्या शब्दावर बोट अडलं. मग केलं.

पहिल्या ॲपने आधी सगळे कॉन्टॅक्ट मागितले. अक्षरं वाचायला आमच्या मावशीचा नंबर कशाला हवा? नाही म्हटलं तर बंदच पडलं. काढून टाकलं.

दुसरं वेगळंच निघालं. कॅमेरा धरायचा, समोर काय आहे ते ते सांगतं, चक्क मराठीत. आई मेथी निवडत होती, तिच्यावर धरला. फोन म्हणाला, "वयस्कर स्त्री. हातात हिरवी पाने."

आई : "वयस्कर कोणाला म्हणतो मेला?"
मी : "बाईचा आवाज आहे गं."
"मग मेली."

पप्पा हसले. किती दिवसांनी. हसता हसता म्हणाले, "भिंतीकडे धर." धरला. जरा थांबून आवाज आला, "भिंतीवर चौकट. चष्मा घातलेला पुरुष. निळा कोट. हातात पुस्तक."

पप्पा उठून उभे राहिले. रोज अगरबत्ती लावताना मी त्या फोटोकडे बघते, पण असं एक एक करून कधी पाहिलं होतं?

१८ जून

पेपर वाचून घेण्याचा प्रयोग. ॲप नं. ३ आडवं वाचतं. एका कॉलममधली भायखळ्याची पाणीकपात दुसऱ्या कॉलममधल्या वधू-वरात घुसली. "उद्या सकाळी दहापासून गोरी, उंच, पदवीधर." पप्पा म्हणाले, "कॉलम मोडलाय. हे पास करणार नाही मी."

नं. ४ ने कॉलम बरोबर ओळखले. कुठली ओळ कुठे संपते हे त्याला कसं कळतं? कोणी बसून शिकवलं असेल? मला पप्पांनी शाळेच्या आधी घरीच शिकवलं, पेपरच्या मथळ्यांखाली बोट फिरवत. याच्या ओळीखाली कोणाचं बोट फिरलं असेल, असा वेडा विचार आला.

नंतर कामावर, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, दिवसभर रिपोर्ट टाइप करताना लक्ष नव्हतं. म्हणून सगळे दोनदा तपासले. एकही चूक नव्हती. तरी तिसऱ्यांदा.

२२ जून, रविवार

आज सुचलं.

ग्रंथाच्या पानांचे फोटो काढायचे. ॲप त्यांचा मजकूर करतं. मजकूर मी तपासायचा. मग तो फोनवर वाचायला लावायचा, आवाज पप्पांच्या एका कानात छोट्या इअरबडमधून. पप्पांनी ऐकत ऐकत दोन-तीन शब्द मागून मोठ्याने बोलायचं. समोर ग्रंथ उघडा असेलच.

पप्पांना सांगितलं. इअरबड हातात घेऊन चाचपला त्यांनी. मग म्हणाले, "दम लागेल. पण करून बघू."

मी फोटो काढायला बसले. पान वाकडं आलं तर ॲप स्वतःच सरळ करतं, शिवणीजवळची सावली पुसतं. जुनं पिवळं पान पांढरंशुभ्र होऊन समोर येतं. चाळीस पानं झाली तरी प्रत्येक पानाला तोंडातून 'अरे वा' निघत होतं. आई म्हणाली, "किती वेळा तेच तेच? जेवायला ये."

२६ जून

मजकूर तपासतेय, रोज लॅबमधून आल्यावर. शंभरात एखादं अक्षर चुकतं. जोडाक्षरात जास्त. पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव आणि खालचा पानाचा आकडा आवाज मधेच बोलून टाकतो. वाक्याच्या पोटात "एकवीस" असं. पप्पांच्या तोंडून लोकांसमोर तसं निघालं तर? सगळे आकडे काढून टाकले. मजकूर आता सलग वाहतो.

२९ जून, रविवार

पहिली तालीम. पप्पा खुर्चीत, ग्रंथ मांडीवर, मी समोर, आई दाराशी. पहिल्या ओळीला गोंधळ. ऐकू की बोलू? वेग कमी केला, अजून कमी केला. तिसऱ्या परिच्छेदाला पप्पांचा आवाज लागला. तोच, विहारातला. डोळे पानावर, मान किंचित डावीकडे. मला क्षणभर वाटलं डॉक्टरच चुकले.

आणि मग त्याच संथ, गंभीर आवाजात पप्पा म्हणाले, "आता घरबसल्या रमी खेळा आणि..." थांबले. "प्रज्ञा, हे ग्रंथात नाही."

फुकटच्या ॲपमध्ये मधेच जाहिरात! आई हसून हसून खाली बसली. मी मात्र रडले. हे विहारात झालं असतं तर?

दुसरं ॲप शोधलं. जाहिरात नाही, नेट बंद करूनही चालतं. सलग तासभर चालवून बघितलं. मग आणखी एक तास.

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

झालं. पार पडलं.

मी पप्पांपासून चार हातांवर बसले, फोन ओढणीखाली. वंदना झाली, पप्पांनी ग्रंथ उघडला, मी बटण दाबलं.

पाऊण तास. एकदाही अडखळले नाहीत. समोर साठ-सत्तर माणसं. पप्पांनी एक पान उलटलं आणि मी बघतच राहिले. दिसत नाही, पण हाताला माहीत आहे एका पानाला किती वेळ लागतो.

तळहाताएवढ्या फोनमधून आवाज निघतो, एका कानात जातो, आणि पप्पांचा होऊन सत्तर माणसांत पसरतो. माझ्याशिवाय हे कोणालाच दिसत नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं. सांगायचं नव्हतं.

११ जुलै

विहाराच्या मंडळाचे सेक्रेटरी गायकवाड काका वाचनानंतर पप्पांजवळ आले. "जयभीम मास्तर. कानाचं मशीन घेतलंत वाटतं?"

पप्पा म्हणाले, "हूं."

एवढंच. पण मी ऐकलं.

वाचनाच्या आधी रोज आम्ही सगळे पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं. पप्पा सगळ्यांच्या पुढे म्हणतात, मी मागून. उद्या म्हणताना कसं वाटेल?

१२ जुलै

चौथं आलं तेव्हा नुसते ओठ हलवले. घरी येताना पप्पांना म्हटलं, "गायकवाड काकांना सांगून टाकू या का?"

"मग दुसरा वाचक शोधतील."

"नाही शोधणार."

"तू मंडळात बसत नाहीस. मी बसतो." मग जरा वेळाने, "एवढा वर्षावास होऊ दे गं. मला बसायचंय तिथे."

फोन चार्जिंगला लावला.

१४ जुलै, सोमवार

नीट क्रमाने लिहिते.

नदीच्या पाण्यावरून भांडण, युद्ध करायचं का हे हात वर करून ठरवायला भरलेली सभा, हे प्रकरण चालू होतं. पप्पा रंगात आले होते. सभेतली बोलणी संपता संपता एकदम राजपुत्र घर सोडून निघाला. मला काही खटकलं नाही. कोणालाच नाही.

शेवंताआजी पहिल्या रांगेत असतात. वय ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही. दरवर्षी ऐकायला येतात. त्यांनी हात वर केला. "थांबा मास्तर. सभा अजून उठली न्हाई. हात वर झाल्याबिगर राजपुत्र निघाला कसा?"

पप्पा थांबले. कानात आवाज चालूच होता, मी घाबरून बंदही केला नाही.

"पान ऱ्हायलं बगा," आजी म्हणाल्या. "मागं जावा."

गायकवाड काका : "हो मास्तर, दोन पानं एकदम उलटली असतील. बघा बरं."

पप्पांनी एक पान मागे घेतलं. मग एक. मग दोन पुढे. सगळे थांबलेले. पंख्याचा आवाज. पप्पांचा अंगठा पानावरून वर-खाली फिरत होता, जसं काही हाताला लागेल.

मग त्यांनी कानातून इअरबड काढला, ग्रंथावर ठेवला. "मला अक्षर दिसत नाही. हे कानाचं मशीन नाही. पोरीच्या फोनवरून ऐकून बोलतो. गायकवाड, त्या दिवशी तुम्हाला खोटं बोललो."

पहिल्या बोलल्या त्या शेवंताआजीच. "ते ऱ्हाऊ द्या. पान वाचा आदी."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उठले, ग्रंथ घेतला, पान शोधलं आणि उभ्यानेच वाचलं. आवाज चिरका. संपलं तेव्हा आजी म्हणाल्या, "हां. आता निघू दे त्याला."

घरी येऊन फोटो तपासले. २२ जूनला दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली होती. पानांचे आकडे मीच पुसले नसते तर त्याच दिवशी कळलं असतं. अक्षर न् अक्षर तपासलं मी. पान मोजलं नाही.

पप्पांची माफी मागितली. म्हणाले, "प्रुफात आकडे पहिले बघायचे. हे शिकवायचं राहिलं माझं." रागाने नाही.

शेवंताआजी. ऐंशी वर्षांची बाई, न वाचता सगळा ग्रंथ डोक्यात. फोनचं आश्चर्य करत बसले होते मी.

१५ जुलै

कोणी वाईट बोललं नाही. मला वाटलं होतं बोलतील. उलट सगळ्यांना फोनच बघायचाय.

गायकवाड काकांचा मोठा मुलगा रोहन, साउंड सिस्टिमचं काम करतो. दोनदा ऐकून म्हणाला, "प्रज्ञाताई, भारी आहे हे. डायरेक्ट आपल्या स्पीकरला जोडू या ना. मास्तरांना मधे कशाला त्रास?"

त्याच्या मनात खरंच वाईट नव्हतं. मी फोन परत ओढणीत गुंडाळला.

पप्पा बाजूलाच होते. म्हणाले, "लावून बघा. ऐकू या."

१६ जुलै, बुधवार

रोहनने जोडलं. प्रकरण मी काल पानं मोजून, दोनदा जुळवून तयार केलं होतं. मनात आलं होतं, एखादी चूक तशीच राहू द्यावी. नाही राहू दिली.

पाऊण तास फोनने वाचलं. एक अक्षर चुकलं नाही. शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ. कठीण पाली नावंसुद्धा. पप्पा खाली, लोकांत बसले होते, पहिल्यांदाच. त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. मान किंचित डावीकडे, तोंड जरा उघडं. माझ्यासारखेच ऐकत होते, अचंब्याने.

शेवटी सगळ्यांनी नेहमीचं समाप्तीचं 'साधु' म्हणायला सुरुवात केली, तोवर फोन पुढच्या प्रकरणात गेला होता. धावत जाऊन बंद केला. हसले सगळे.

शेवंताआजींना मी मुद्दाम विचारलं. त्या 'मास्तरच बरे' म्हणतील अशी आशा होती. आजी म्हणाल्या, "झ्याक. त्याला दम लागत न्हाई."

गायकवाड काका पप्पांना म्हणाले, "मास्तर, पंचवीस-तीस वर्षं तुम्ही वाचलंत. तुमचा शब्द शेवटचा. शनिवारपासून फोन की तुम्ही, ते शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत सांगा. तुम्ही बसणार असलात तर कानात ऐकून फोनच्या मागून बोलायचं तेवढं नको, लोकांचं लक्ष तिकडेच जातं."

म्हणजे फोन, नाहीतर डोळे. डोळे तर नाहीत.

पप्पा : "सांगतो."

१७ जुलै

सांगितलं नाही अजून. संध्याकाळी विहारात स्पीकर. पप्पा खाली बसले, पंचशील मात्र त्यांनीच सांगितलं. चौथं मी मोठ्याने म्हटलं.

घरी येऊन पप्पांनी विचारलं, "बोलणं लिहून घेणारं ॲप असतं का?"

असतं. तुम्ही बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. रात्रीच्या भाजीची कृती आईने त्याला सांगून बघितली. कोकमासकट सगळं लिहिलं त्याने. आई पडद्याला हात लावून बघत होती.

पप्पांना ते कशाला हवंय, ते बोलले नाहीत.

१८ जुलै, शुक्रवार

लॅबमधून आले तर पप्पा खिडकीशी. शनिवारच्या वाचनाचं पहिलं पान सकाळपासून फोनवर ऐकत होते. आईने मोजलं, अठरा वेळा.

"आता ते लिहिणारं लाव," म्हणाले. "मी बोलतो. तू ग्रंथाशी जुळव."

इअरबड टेबलावर. ग्रंथ माझ्याकडे. पप्पांचे हात रिकामे, काय करावं ते त्यांना सुचेना, शेवटी मांडीखाली घेतले. बोलू लागले.

फोनवर अक्षरं उमटू लागली, एकामागून एक, पप्पांच्या आवाजाच्या वेगाने. ओळ भरली, दुसरी भरली, पडदा वर सरकला. परत भरला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, एका दिवसात पाठ. मी ग्रंथात बोट ठेवून चालले होते. एका जागी बोट पुढे गेलं आणि पप्पा नाही आले. मग ते एकदम खालच्या परिच्छेदात निघाले.

संपलं. घाम आला होता त्यांना. आई पाणी घेऊन उभी.

"किती सुटलं?"

गायकवाड काकांना सातच्या आत कळवायचं होतं. सहा वाजून गेले होते. पहिलंच पान हे. उद्याची अजून अकरा. नंतर तीन महिने.

"दोन ओळी," मी म्हटलं.

"कुठल्या?"

वाचून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकल्या, ओठ हलवले.

"पहिल्यापासून," म्हणाले. "लाव."